मधली आवृत्ती

आयुष्यभर शास्त्र शिकलो, शिकवले. देवावर श्रद्धा आहे. परंतु चमत्काराच्या कथांना मी कधी थारा दिला नाही... आजही देत नाही. तरीही घडले ते लिहितो.

मसुऱ्यातील आमच्या घरी संगणकात दिवंगत ज्येष्ठ बंधूंची — दादांची — वेदपाठाची संथा ध्वनिमुद्रित आहे. गुरूने एकदा म्हणायचे, शिष्याने दोनदा, ही तिची रीत. घराण्यात तो पाठ आता अन्यत्र उरलेला नाही. ज्या प्रोग्राममध्ये तो जतन केला, तो चालेनासा झाला आणि नवा घालू जाता यंत्र नकार देई.

सून शर्वरी संगणकाच्याच व्यवसायातली. घरूनच काम करते.

"बाबानू, आपल्या प्रोग्रामाची आवृत्ती तिसरी. नवी पाचवी चवथीतून झाली, म्हणान ती फक्त चवथीकच वळाखता. आणि चवथी कंपनीन काढून टाकल्यान."

"पण पाचाचो आकडो मोठो आसा मां गो?"

"आकड्यान काय होता? वंश जुळाक व्हयो."

सौ. दारातून म्हणाली, "मशिनाक पण गोत्र? मगे पत्रिकाच काढा तेची!"

मला मात्र ते पटले. मधली पिढी वगळून विद्या उतरत नाही. जुना संग्रह नव्या साच्यात आणण्याचे काम चवथीच करीत असे; पाचवी बळेच घातली असती, तरी दादा मुकेच राहिले असते.

शर्वरीने चवथीचा पुष्कळ शोध घेतला. अखेर थकून तिने यंत्र बंद केले, इंटरनेटची तारही काढून ठेवली.

दुसऱ्या दिवशी पूजा आटोपून आलो, तो ती पडद्यासमोर बसलेली.

"बाबानू, तुमी हात लावलात?"

"माका चालू तरी करूक येता काय?"

पडद्यावर चवथी आवृत्ती होती. तार भिंतीपाशी गुंडाळलेली, तशीच. त्यानंतर पाचवी निमूटपणे बसली आणि खोलीत दादांचा आवाज उमटला.

शर्वरीने सहकाऱ्यांना विचारले, यंत्र तपासून घेतले. चवथी कोठून आली, हे कोणालाही सांगता आले नाही. ईश्वरी कृपा म्हणण्याचे धाडस मी करीत नाही. मला ठाऊक नाही, एवढेच खरे...

दादा एक चरण म्हणतात आणि शिष्यासाठी थांबतात. त्या रिकाम्या जागेत मी दोनदा म्हणू पाहतो. दुसऱ्या खेपेस दम पुरत नाही — तोवर ते पुढल्या चरणावर गेलेले असतात.