आप्पासाहेबांचा बुधवार

देवाबद्दल आप्पासाहेबांइतकं बोलणारा माणूस आमच्या गावात दुसरा नव्हता. काष्टीच्या अलीकडे त्यांची कांद्याची मोठी शेती. गावात उरूस असो, नाताळ असो की चौदा एप्रिल, माइक त्यांच्या हातात गेलाच म्हणून समजा. भाषण ठरलेलं. "विहीर एक, घागरी अनेक! कुणी अल्ला म्हणा, कुणी येशू म्हणा, पाणी तेच!" आभार मानायला दरवेळी मी असायचो, त्यामुळे ते भाषण मला झोपेतही म्हणता येईल. टाळ्या पडायच्या, मग पंगत बसायची, आणि तिथून खरे आप्पासाहेब सुरू व्हायचे.

पंगतीच्या दिवशी नेमका त्यांना उपास असायचा. उरसाला गेले तर गुरुवार, दत्ताचा. सोमवारी महादेव, मंगळवारी गणपती, शनिवारी मारुती. शुक्रवार त्यांनी मुसलमान बांधवांच्या नावाने धरला होता. "आमच्यात जुम्म्याला उपास नसतो हो," असं मशिदीतल्या म्हाताऱ्यांनी हसून सांगितलं, तर म्हणाले, "भावना महत्त्वाची!" रविवार ख्रिस्ती बांधवांसाठी. इतके देव एकाच माणसाने सांभाळायचे म्हणजे पोटाला ताण पडणारच. पण घरी परतले की उपास सुटायचा, आणि काष्टीच्या बाजारात जिलबीच्या दुकानात तर तो धरलेलाच नसायचा. दुसऱ्याच्या उंबऱ्यात मात्र पाण्याचा घोटसुद्धा चालत नसे.

हे सगळ्यांना कळत होतं. कळत नव्हतं ते एकट्या सहादूला. सहादू आणि त्याची बायको भीमाबाई बौद्धवस्तीतली, दोघांचा जन्म आप्पासाहेबांच्या रानात कांदा काढण्यात गेला. तिथे त्यांना पाणी वरून, ओंजळीत मिळायचं. तरी भाषण झालं की सहादू बायकोला म्हणायचा, "आप्पा मानतो बरं का. एक दिस आपल्यात जेवंल बघ." असं म्हणत म्हणतच तो वारला.

पंच्याण्णव साली सहादूच्या मुलाला, संदीपला, नगरला नोकरी लागली आणि वस्तीत त्याने पक्कं घर बांधलं. भीमाबाईने एकच गोष्ट मनात धरली, या घरात आप्पासाहेब जेवले पाहिजेत. मालकाला जेवू घालून तिला काही मिळवायचं नव्हतं. मेलेल्या नवऱ्याचा शब्द तेवढा तिला खरा करायचा होता. तिने माझ्याकडे येऊन आठवड्याचा हिशेब विचारला. बुधवार तेवढा रिकामा निघाला. तिने बुधवारच धरला.

आप्पासाहेब आले. वंदना झाली, भाषणही झालं. विहीर आली, घागरी आल्या. मध्येच भीमाबाई म्हणाली, "पन आप्पा, आमच्यात देवच न्हाई."

"न्हाई म्हनता, तेबी त्याचंच नाव!" आप्पासाहेब अडले नाहीत. अशा माणसापुढे देवाला नसण्याचीही सोय नाही.

पानं मांडली. आप्पासाहेबांनी हात जोडले. "एक खुशखबर. सगळ्या धर्मांचे वार मी करतो, तुमचाच राहिला होता. मनाला लई लागलं. आजपासून बुधवार भगवान बुद्धांच्या नावानं धरला. कडकडीत!"

मी कपाळावर हात मारला. पण भीमाबाईचा चेहरा उजळला. ती आत गेली आणि खिरीची वाटी घेऊन आली. आप्पासाहेबांच्या डोक्यामागे भिंतीवर कॅलेंडर होतं. त्यात झाडाखाली बसलेले, हाडं निघालेले गौतम आणि समोर वाटी धरलेली सुजाता.

"मग तर बरंच झालं," भीमाबाई म्हणाली. "त्यानं बी लई उपास केला हुता. काय मिळालं न्हाई. मग या बाईची खीर खाल्ली, आन् तवा कुठं त्याला कळलं. आमच्यात उपास असाच सुटतो. घ्या आप्पा."

वस्तीतली पोरं खुसखुसली. वाटी आप्पासाहेबांच्या हातात होती. त्यांनी खिरीकडे पाहिलं, दाराकडे पाहिलं, माझ्याकडेही पाहिलं. जन्मभर सांभाळलेले सगळे देव त्या घटकेला कुठे गेले होते कोण जाणे, एकही मदतीला येईना. शेवटी डॉक्टर धावून आला.

"शुगर हाय मला," आप्पासाहेब म्हणाले. "गोड बंद केलंय."

मला त्यांची लाज वाटली. जिलबीचं ओठावर आलं होतं, पण भीमाबाईच आधी बोलली. तिने त्यांच्या हातातून वाटी अलगद काढून घेतली आणि त्यांच्यासमोरच मांडी घालून बसली.

"देव एक हाय का धा, ते तुमी ठरवा," ती म्हणाली. "आमी त्याला बोलावलंच न्हवतं. जेवायला तुमाला बोलावलं हुतं."

मग तिने ती खीर सावकाश, शेवटच्या घासापर्यंत स्वतः खाल्ली. आप्पासाहेब उठून चपला शोधू लागले.

बुधवार त्यांनी अजून सोडलेला नाही. भाषणात आता तो अभिमानाने सांगतात. भीमाबाई त्यांच्या रानात पुन्हा गेली नाही.