विषाणूचं शेवटचं चित्र

बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षी, विषाणूंची वाढ कशी होते यावर मला वर्गापुढे बोलायचं होतं. आधीच्या खेपेला इंग्रजीतली दोन वाक्यं बोलून मी रडत खाली बसले होते. "या वेळी जमलं नाही तर तोंडी परीक्षेला बसू देणार नाही," असं सरांनी बजावलं होतं. शिरूर कासारच्या आमच्या घरातून कॉलेजात पोचलेली मी पहिलीच. पुन्हा रडून चालणार नव्हतं.

पुस्तकातला धडा कितीदा वाचला, तरी डोळ्यांपुढे काही येईना. मैत्रीण म्हणाली, इंटरनेटवर चित्रं असतात. बीडात एका किराणा दुकानाच्या मागच्या खोलीत, तूरडाळीच्या पोत्यांपलीकडे, दुकानदाराच्या मुलाने नुकतेच संगणक मांडले होते. त्याने एका परदेशी विद्यापीठाचं पान उघडून दिलं. चित्र वरून खाली, पट्टीपट्टीने उतरायचं. आधी विषाणूचं डोकं, मग दांडा, मग कोळ्यासारखे पाय. उतरेल तसं मी चार्टवर काढत गेले. पेशीवर बसला, आपला धागा आत सोडला, पेशीकडूनच आपल्या नकला करवून घेतल्या. वाचून न कळलेलं बघून कळत होतं.

शेवटचं चित्र उतरू लागलं आणि थांबलं. दुकानाच्या फोनचीच तार इंटरनेटला जोडलेली. पुढे दुकानात मुलाच्या वडिलांनी फोन उचलला होता.

"अप्पा, ठेवा की फोन! ताईचं चित्र तुटलं!"

"माझी साखर अडकली हाय जालन्याला. चित्र काय चहात टाकू?"

फोन मोकळा झाला तेव्हा माझी शेवटची एसटी लागली होती.

दुसऱ्या दिवशी चार्ट टांगला. शेवटची चौकट रिकामी बघून पाठ केलेलं इंग्रजी सगळं उडालं. मग मराठीतच सुरुवात केली. "समजा, परका माणूस घरात शिरला. चूल आपली, पीठ आपलं, थापणारे हात आपले, पण भाकरी मात्र सगळ्या त्याच्या." वर्ग ऐकू लागला. शेवटच्या चौकटीपाशी मी थांबले. "हे चित्र मला दिसलंच न्हाई," सांगून टाकलं.

"कावून, लाईट गेलती का?" मागच्या बाकावरून आवाज आला.

"न्हाई, दुकानदाराची साखर आडवी आली."

सगळे हसले, सरसुद्धा. मग म्हणाले, "चित्र राहू दे. घर गच्च भरलं की काय होईल?"

"घर फुटंल, सर. आन् आतले सगळे दुसरी घरं धुंडायला निघतील."

सरांनी स्वतःचा पेन माझ्या हातात दिला. "मग काढ."

तोंडी परीक्षा पास झाल्याचं सांगायला दुकानात गेले, तर अप्पांनी नव्या पोत्यातली मूठभर साखर हातावर ठेवली.

आता माझ्या मुलीच्या मोबाईलवर तोच विषाणू क्षणात हलताना दिसतो. मी तिला जुना चार्ट उलगडून दाखवते. शेवटची पेशी जरा वाकडीच फुटली आहे. तेवढं एक चित्र मी कुठेही बघून काढलेलं नाही.