मले माहीत आहे ना

सई आणि नील, तुमचे आजोबा गेल्याचं तुम्हाला फोनवर कळलं आणि तेरवीही तुम्ही फोनवरच पाहिली. आता पाहुणे परतले आहेत, घर आवरून झालं आहे आणि टेबलाशी बसायला मला निवांत वेळ आहे. पण आत्ता लिहिण्याचं कारण वेळ नाही. सई, कारण तुझा प्रश्न आहे. तेरवीच्या दिवशी बाकीचे जेवायला उठल्यावर तू हळूच विचारलंस, "आजी, आख़िर में आजोबा को हमसे कुछ लगाव था भी?" मी "होता गं" म्हणाले आणि विषय संपवला. असं उत्तर माझ्या वर्गातल्या कुणी लिहिलं असतं, तर शेजारी "कारणे द्या" असा शेरा मारून मी पेपर परत केला असता. म्हणून आज कारणं लिहिते आहे.

तुम्हाला मेंढीकोट आठवतो का? तुम्ही इथे होतात तेव्हा रविवारी दुपारी शेजारचे साहू भैया आणि भाभी पत्ते खेळायला यायचे. आम्ही दोघं एका बाजूचे भिडू, ते दोघं दुसऱ्या बाजूचे. आपल्याकडे बंद हुकूम खेळतात. ज्याची पाळी येईल त्याने हुकमाचं एक पान पालथं ठेवायचं, आणि ते उघडेपर्यंत हुकूम कोणता हे फक्त त्यालाच ठाऊक. आजोबा त्या पानावर आपल्या चष्म्याचं घर ठेवायचे, पंख्याच्या वाऱ्याने ते उलटू नये म्हणून. रेल्वेतल्या नोकरीत असल्यापासूनची ती सवय. मी कोणतं पान टाकणार, साहू भैया कोणतं लपवून बसले आहेत, हे त्यांना आमच्या तोंडाकडे पाहूनच कळायचं. भाभी तर पदर नाकापर्यंत ओढून खेळायच्या.

अशाच एका रविवारी त्यांनी हुकूम बंद केला, चष्म्याचं घर वर ठेवलं आणि दुसऱ्याच हाताला माझ्यावर चिडले. "किलवर हुकूम आहे, अन् तू किलवरचा राजा काहून घालवून राहिली?"

"अहो, मला कसं माहीत? पान तर पालथं आहे."

ते माझ्याकडे बघत राहिले. नाटक नव्हतं, खरंच चकित झाले होते. म्हणाले, "मले माहीत आहे ना."

साहू भैया हसून म्हणाले, "अब तो हमको भी मालूम हो गया, भैया." आम्ही सगळेच हसलो. तो आजार होता हे तेव्हा कुणाच्या मनातही आलं नाही...

मग पंडरीच्या कापडबाजारात साडी घ्यायला गेलो तेव्हाचं. ऑटोत मी त्यांना समजावलं होतं, की हिरवी साडी आवडली असली तरी मी नाक मुरडणार आहे, तुम्ही गप्प बसा. मी नाक मुरडलं. हे दुकानदाराला म्हणाले, "भैया, इसको हरी वाली ही चाहिए, ऐसे ही नखरे कर रही है." दुकानदाराने ती साडी आदराने घडी करून बाजूला ठेवली आणि भाव काही केल्या कमी केला नाही. बाहेर आल्यावर मी विचारलं, का सांगितलंत? तर म्हणाले, "मले माहीत आहे, तर त्याले बी माहीतच असन ना."

हे वाक्य दुसऱ्यांदा ऐकलं आणि मी थबकले.

डॉक्टरांनी तपासण्या केल्या, मेंदूचे फोटो काढले. मला वाटलं होतं, विसरायला होत असेल. पण विसरणं नव्हतंच. खाली पडलेलं प्रत्येक पान त्यांच्या लक्षात असायचं, तुमचे वाढदिवस लक्षात होते. डॉक्टर म्हणाले, मेंदूच्या पुढच्या भागात झीज होते आहे, आणि समोरच्याचं मन आपल्याहून वेगळं असतं ही जाण तिथून कमी होत चालली आहे. मला नील आठवला. लहानपणी लपाछपीत तो पडद्यात फक्त तोंड खुपसायचा आणि पाय बाहेर. त्याला कुणी दिसत नाही, म्हणजे तोही कुणाला दिसत नाही. नील त्या पडद्यातून बाहेर आला, आजोबा हळूहळू आत गेले.

मला दुःख झालं, हे खरं. पण कुतूहलही तितकंच वाटलं, आणि त्याची मला लाज वाटत नाही. आपण दिवसभर दुसऱ्याच्या मनात डोकावत असतो आणि असं काही आपण करतो आहोत याचा पत्ताही आपल्याला नसतो. मी त्यांच्यासमोर बसून डोळे पुसले, की ते चहा मागायचे. त्यांना चहा हवा होता, म्हणजे जगालाच चहाची वेळ झाली होती. त्यांनी कुणावर संशय घ्यायचंही सोडलं, कारण संशयासाठीसुद्धा दुसऱ्याच्या मनात काहीतरी लपलेलं असावं लागतं.

आता सई, तुझा फोन. हव्या त्या कॉलेजात प्रवेश मिळाला नाही हे सांगताना तू रडत होतीस आणि आजोबा हसून म्हणाले, "पाह्य, हिचं नाक कसं टमाटरावानी झालं." मग गोल बाजारातून आणलेली वांगी तुला दाखवत बसले. तू फोन ठेवलास. त्यानंतर रविवारच्या फोनच्या वेळी तुला अभ्यास असायचा. तुझी काहीही चूक नव्हती, तुझ्या जागी मीही तेच केलं असतं. त्यांना तुझं नाक दिसलं, रडणं दिसलं नाही. ते मी ‘होता गं’ म्हणून झाकणार नाही.

पण पुढचं तुला कुणी सांगितलेलं नाही. दर रविवारी सकाळी, तुझा फोन यायच्या वेळी, आजोबा दाढी करून जेवणाच्या टेबलाशी यायचे. पत्ते तेव्हा बंद झाले होते. चष्म्याचं घर टेबलावर उभं ठेवायचे, त्याला फोन टेकवायचे आणि समोर बसायचे. पहिल्यांदा मी विचारलं, "मीच लावू का सईला?"

"काहून? मी बसून आहो हे तिले माहीत आहे ना."

मग मी दर रविवारी तेच विचारत गेले आणि तेच उत्तर येत गेलं. तू दुखावली आहेस हे त्यांना कळलं नव्हतं, म्हणून तू फोन करणार नाहीस हेही त्यांना कधी कळलं नाही. त्यांच्या लेखी तू त्यांना पाहतच होतीस. त्या बसण्यात वाट पाहण्याचा शीण नव्हता, सई. भाभी एकदा बघून गेल्या आणि म्हणाल्या, "हव दीदी, भैया तो ऐसे बैठे हैं जैसे बच्ची सामने ही बैठी है."

हे तुला बोल लावायला लिहीत नाही. तू कारण विचारलंस, ते हे. तुझं मन ओळखायची शक्ती गेली, तरी तुझ्यासमोर येऊन बसायची सवय राहिली. याला लगाव म्हणायचं की नुसती सवय, असं मी डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, सांगता येत नाही. मलाही पक्कं सांगता येत नाही. पण सवयीने कुणी दाढी करून बसतं का, याचा मी अजून विचार करते.

शेवटचे काही दिवस ते पलंगावरच होते, आणि मग छातीत कफ झाला आणि गेले. पत्ते मी भाभींकडे दिले. हिरवी साडी कपाटात आहे. चष्म्याचं घर जेवणाच्या टेबलावर त्याच जागी आहे, आणि रविवारी सकाळी त्याला टेकवलेला फोन अजून घसरत नाही.