औषधाआधी साक्ष

मॅडमनी मला दवाखान्याच्या वरच्या पायरीवर उभं केलं आणि ओसरीत बसलेल्या पेशंटना सांगितलं, "हिच्याकडे बघा. हिची आजी गावातली मेलेली जनावरं ओढायची. तेच मांस घरी शिजायचं. आज हिच्या अंगावर पांढरी साडी आहे, हातात घड्याळ आहे. हे कुणी केलं? प्रभूने केलं."

मी मान खाली घालून उभी होते. अशी मी आधीही उभी राहिले होते. त्या सकाळी फरक एवढाच होता, की खाली बसलेल्या बायकांमध्ये माझी आत्या होती. वडिलांची सख्खी बहीण. मॅडम जिच्याबद्दल बोलत होत्या, ती तिची आई.

आत्याचा उजवा पाय फडक्यात गुंडाळलेला होता. दुष्काळी कामावर खडी फोडताना त्यावर दगड घसरला होता. वडगाव रासाईहून ती पहिल्या एसटीने आली होती. बोलणं संपायच्या आधी तिने पदर खोचला, शेजारणीचा खांदा धरून उठली आणि लंगडत फाटकाकडे निघाली.

मॅडम म्हणाल्या, "अहो बाई, तुमचा नंबर यायचाय अजून."

आत्या वळली. "माझ्या आईचा आला की. तेवढा पुरे."

दोघीतिघी हसल्या. मॅडमनी डोळे मिटून प्रार्थना सुरू केली. मी हात जोडले. फाटकाची कडी वाजलेली मला ऐकू आली.

हे त्र्याहत्तर सालचं. शिरूरमधला तो दवाखाना ख्रिस्ती मंडळींनी चालवलेला. मी नर्सिंग शिकून तिथेच लागले होते. आप्पा, माझे वडील, त्याच आवारात शिपाई. आम्हाला राहायला खोली तिथलीच. आप्पा लहानपणी मिशनच्या बोर्डिंगात गेले आणि ख्रिस्ती झाले. आत्या गावात राहिली, वडगावात दिली, आणि छप्पन्ननंतर तिथल्या सगळ्या वस्तीबरोबर बौद्ध झाली. भाऊ-बहीण लग्नाला आणि मयताला भेटत. देवाचा विषय दोघंही काढत नसत.

मॅडम पुण्याच्या, दवाखान्याच्या प्रमुख. त्यांचे पणजोबा ब्राह्मण होते. ते ख्रिस्ती झाले तेव्हा घरच्यांनी ते जिवंत असताना त्यांचं श्राद्ध घातलं. मॅडमचा पगार नावापुरता होता. अळ्या पडलेल्या जखमा त्यांनी स्वतःच्या हाताने धुतलेल्या मी पाहिल्या आहेत. हे लिहिणं भाग आहे, कारण ते खरं आहे.

दवाखान्याचा नियम असा. सकाळी आधी बायबलमधलं वचन, मग साक्ष, मग प्रार्थना. त्यानंतर नंबर. जो प्रार्थनेला बसला नाही त्याचा नंबर सगळ्यात शेवटी. मंगळवारी पुण्याहून डॉक्टर यायचे, त्या दिवशी शेवटचे नंबर तसेच परत जायचे.

गावोगावचे बागायतदार यायचे ते जीपमधून. त्यांना बाजूच्या दाराने आत घेत. खुर्ची, चहा, मग डॉक्टर. त्यांना वचन कुणी ऐकवत नसे. मी एकदा मॅडमना कारण विचारलं होतं. त्या म्हणाल्या, "अशा लोकांशी जपून बोलावं लागतं. त्यांची वेळ यावी लागते." ओसरीत बसलेल्यांची वेळ रोज सकाळी येत होती.

साक्ष म्हणजे आपल्या आयुष्यात प्रभूने काय केलं ते चारचौघांत सांगणं. तिला एक ठरलेला साचा असतो. आधी मी कसा होतो, नंतर कसा झालो. मॅडमही साक्ष द्यायच्या. त्यांच्या पणजोबांनी घर सोडलं, वाडवडिलांची जमीन सोडली, जानवं सोडलं. माझ्या साक्षीत साडी मिळाली, घड्याळ मिळालं, साबण मिळाला. त्यांच्या माणसांनी प्रभूसाठी काही सोडलं होतं. आमच्या माणसांना नुसतं मिळालं होतं. आमचं 'नंतर' उजळ दिसावं म्हणून 'आधी' जेवढं घाण करता येईल तेवढं करायचं. ते घाण करायला माझी आजी हाताशी होती. ती कधीच वारली होती. तिला उठून जाता येत नव्हतं.

रविवारी उपासना झाल्यावर मी वडगावला गेले. भीमेत पाणी नव्हतं. बाया वाळूत झरे खणून वाटीवाटीने हंडे भरत होत्या. आत्या दारात बसली होती. पाय पालथ्या घमेल्यावर. अंगठ्याजवळचं मांस फाटलं होतं, त्यावर हळदीचा थर. वास दारापर्यंत येत होता.

"आलीस?" ती म्हणाली. "किती लोकं बाटवली आज?"

मी पिशवीतून कापूस, पट्टी काढली. ती बघत होती.

"माझ्या आईला रोज काढता व्हय गं पायरीवर? का रविवारची सुट्टी असती तिला?"

मी पट्टीची गुंडाळी सोडली. तिने थोड्या वेळाने पाय पुढे केला.

"बांध. पर त्या देवाचं नाव काढायचं न्हाई. काढलंस तर पाय वढून घीन."

मी कबूल केलं. आम्हाला शिकवलं होतं, की संधी असून जो तोंड उघडत नाही तो प्रभूला नाकारतो. आणि इथे माझं तोंड बंद असेपर्यंतच मला पाय मिळणार होता. मी पू पुसला. हळद काढली. आत खूप सडलं होतं.

पट्टीने ते भागणार नव्हतं. मेडिकलमधून इंजेक्शनं घेऊन मी देत राहिले. पण जखम उघडून आतलं कुजलेलं काढायला डॉक्टर हवा होता. तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात डॉक्टरची जागा रिकामी होती. डॉक्टर यायचे ते आमच्याकडे. पुण्याला न्यायचं तर आत्याच्या मुलाची मजुरी बुडणार होती. मी मॅडमना सांगितलं, आत्याला मंगळवारी थेट डॉक्टरांपुढे नेऊ द्या.

"दार सगळ्यांना उघडं आहे," त्या म्हणाल्या. "आण तिला."

"ती साक्षीला बसणार नाही."

"एकीला सूट दिली की उद्या सगळे उशिराच येतील." मग माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाल्या, "आपण तिच्यासाठी प्रार्थना करू."

केलीही. तिचं नाव घेऊन, सगळ्या ओसरीसमोर.

मी आत्याला विनवलं. नुसती बस, कान बंद कर. ती म्हणाली, कान बंद करून आमची निम्मी जिंदगी गेली. आता न्हाई. तिच्या मुलाने, सुनेनेही सांगून पाहिलं. तिने ऐकलं नाही. मी रविवारी जात राहिले आणि तोंड बंद ठेवून पट्टी बदलत राहिले.

अशाच एका रविवारी तिने आपण होऊन आजीचं काढलं. गावच्या पाटलाचा बैल मेला होता. बोलावणं आलं. आजी म्हणाली, येत नाही, दुसरं माणूस बघा. तिला चावडीपुढे उन्हात दिवसभर उभं केलं. दुसऱ्या दिवशी घरावर दगड आले. आजी तरी गेली नाही. बैल तिसऱ्या गावच्या लोकांनी ओढला. आत्या तेव्हा लहान होती, आप्पा तिच्याहून लहान.

"तुझ्या बापानं बघितलंय समदं. सांगितलं न्हाई तुला?"

नव्हतं सांगितलं. आप्पांनी तीस वर्षं साक्ष दिली होती. त्यात नकार देणारी आजी कुठेच नव्हती. ती साच्यात बसत नव्हती.

आत्याने विचारलं, "आन् तुझा देव? त्यो व्हता का तवा चावडीवर?"

हा प्रश्न मला कुणी कधी विचारला नव्हता. पाठ केलेली उत्तरं पुष्कळ होती. त्यातलं एकही त्या घरात बोलण्यासारखं नव्हतं.

"माहीत नाही, आत्या," मी म्हणाले. "पण त्यालाही असंच उभं केलं होतं. मोठ्या पुजाऱ्याच्या वाड्यात, पुढाऱ्यांपुढे. लोक थुंकले त्याच्यावर."

"मग? काय केलं त्यानं?"

"बोलला नाही."

आत्याने विचार केला. "मग तू बी बोलू नको. पट्टी आवळ."

घरी येऊन मी तो भाग पुन्हा वाचला. मी चुकीचं सांगितलं होतं. पुढच्या खेपेला पट्टी सोडायच्या आधीच मी तिला तसं म्हणाले. तो अगदीच गप्प नव्हता. एका शिपायाने त्याला थोबाडीत मारली, तेव्हा त्याने विचारलं होतं, माझं काही चुकलं असेल तर दाखव, नाहीतर मारलंस का?

"आन् शिपाई काय म्हनला?"

"ते लिहिलेलं नाही."

"न्हाईच लिवणार," आत्या म्हणाली. मग माझ्याकडे बघून म्हणाली, "त्यानं इचारलं तरी. तू इचारलंस का कुणाला?"

मी पट्टी सोडली. अंगठा काळा पडला होता.

त्याच आठवड्यात पाहुणे आले. पुण्याचे काही, दोन परदेशातले. दवाखान्याला औषधं त्यांच्याकडून यायची. ओसरी झाडून घेतली होती. पेशंट रांगेत बसवले होते. मॅडमनी मला पायरीवर बोलावलं आणि म्हणाल्या, आज तूच सांग, मी इंग्रजीत सांगत जाईन.

मी म्हणाले, "माझ्या आजीने मेलेला बैल ओढायला नकार दिला. गावाने तिला दिवसभर उन्हात उभं केलं. तेव्हा तिला ख्रिस्त माहीत नव्हता. 'नाही' म्हणायला ती आमच्या आधी शिकली होती. तिची मुलगी या ओसरीतून औषध न घेता उठून गेली. तिचा पाय सडतोय. मॅडम, औषध आधी का देत नाही?"

मॅडमनी पाहुण्यांना इंग्रजीत काही सांगितलं. नर्सिंगपुरतं इंग्रजी मला येत होतं. त्यांनी सांगितलं, की ही मुलगी फार वाईट परिस्थितीतून आली आणि तिच्या आत्यासाठी आपण प्रार्थना करावी अशी तिची विनंती आहे.

पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. एका बाईने डोळे पुसले.

"नो," मी म्हणाले.

टाळ्या बंद झाल्या. पुढचं वाक्य मला इंग्रजीत जुळवता आलं नाही. मी पुन्हा तेवढंच म्हणाले आणि पायरी उतरून ओसरीत, बायकांमध्ये जाऊन बसले. पायरी रिकामी राहिली. मॅडमनी गाणं सुरू केलं.

संध्याकाळी त्यांनी मला बोलावलं. त्या रागावलेल्या नव्हत्या. "तुझ्यात गर्व शिरलाय," त्या म्हणाल्या. "सगळ्यांसमोर पश्चात्ताप कर आणि कामावर ये."

मी विचारलं, "मी काय खोटं बोलले?"

त्या उठून खिडकी लावू लागल्या. आप्पा दाराबाहेर हातात टोपी घेऊन उभे होते. घरी येताना ते एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगत होते. खोली त्यांची आहे, पोरी. खोली त्यांची आहे. मी पश्चात्ताप केला नाही. आप्पांची खोली राहिली. माझी नोकरी गेली.

शेवटी आत्याला तिच्या मुलाने बैलगाडीतून, मग एसटीने दौंडला आणि तिथून पॅसेंजरने पुण्याच्या सरकारी इस्पितळात नेलं. मीही बरोबर होते. तिथल्या डॉक्टरांनी पट्टी सोडली आणि विचारलं, इतके दिवस काय केलं? मी नर्स आहे हे मी त्यांना सांगितलं नाही. पाय गुडघ्याखाली कापला.

मला दौंडला एका खासगी प्रसूतिगृहात काम मिळालं. रेल्वेच्या वस्तीत खोली घेतली. आत्या वडगावला दारात बसून धान्य निवडायची. खडीचं काम संपलं, शेतातलं संपलं. सून वाईट नव्हती, पण बसलेल्या माणसाला घरात जे ऐकावं लागतं ते आत्याला ऐकावं लागत होतं.

वर्षभराने आप्पा दौंडला आले. मॅडमचा निरोप होता. त्यांनी कळवल्यावर पाहुण्यांनी आत्यासाठी लाकडी पायाची सोय केली होती. नाताळच्या कार्यक्रमात तो तिला सगळ्यांसमोर द्यायचा होता. तिने दोन शब्द बोलावेत.

"दोन शब्द बोलली तर काय बिघडतं?" आप्पा म्हणाले. त्यांना बहिणीला चालताना बघायचं होतं.

पाय आत्याचा होता. ठरवायचं तिने होतं. मी वडगावला जाऊन निरोप जसाच्या तसा सांगितला.

"दोन शब्द म्हंजी कोनते?"

"प्रभूने मला पाय दिला."

"देनार पावनं. त्येंचं आभार मी मानीन, हात जोडून मानीन. देवाला मधी कशाला घालत्यात?" लुगड्याखाली जिथे पाय संपत होता तिथे तिने हात ठेवला. "चांगला असंल न्हाई गं त्यो पाय?"

"असेल."

"चालता येईल?"

"येईल, आत्या."

"न्हाई म्हनून सांग," ती म्हणाली आणि तोंड फिरवलं. ती रडत होती.

मी शिरूरला गेले. मॅडमना म्हणाले, पाय द्यायचा असेल तर वडगावला पाठवा. माणूस मागवू नका. त्या म्हणाल्या, पाहुण्यांनी दिलेली वस्तू अशी परस्पर पाठवता येत नाही. पाय आला नाही.

मी ख्रिस्ती आहे. दर रविवारी दौंडच्या देवळात जाते. प्रसूतिगृहातल्या बायका कधी विचारतात, नर्सबाई, तुम्ही किरिस्ताव ना, तुमच्यात काय असतं? कळा येत असताना, टाके घालताना विचारलं तर मी सांगते, आत्ता नाही. टाके निघाले, मूल कडेवर घेतलं, घरी जायला मोकळी झाली आणि तरी तिने विचारलं, तर मी तिच्या शेजारी बसते. आधी आत्याचा पाय सांगते. तो कसा गेला, कुणाच्या ओसरीत गेला, ते सांगते. ख्रिस्ताचं त्यानंतर. काहीजणी पहिलं ऐकूनच उठतात. मी त्यांना थांबवत नाही.

दोनदा देवळातले पाळक सांगून गेले, की याने मंडळीची बदनामी होते, हे वगळून सांगत जा. मी त्यांना उत्तर दिलं आहे. हे वगळून माझ्याकडे सांगण्यासारखी साक्ष नाही, आणि हा क्रम मी बदलणार नाही.