तिसरा हॉर्न

दोनदा हॉर्न वाजायचा. तिसऱ्यांदा नाही. दुसऱ्या हॉर्ननंतर जो गाडीबाहेर असेल तो बाहेरच राहायचा आणि गाडी निघून जायची. बऱ्याच वेळाने ती धूळ उडवत परत यायची, काच खाली व्हायची आणि अंकल म्हणायचे, "वाळवंट कोणासाठी थांबत नाही."

ब्रोकन हिल हे मेलबर्नपासून आठशे किलोमीटरवरचं, चांदी-शिशाच्या खाणींवर उभं राहिलेलं जुनं शहर, चहूबाजूंनी लाल माती. अंकल तिथल्या खाणीत इंजिनियर होते, मूळचे वसईचे. मी रेडिओच्या बातमी विभागात होते. गावात मराठी माणसं मोजकी. कोणी नोकरीसाठी नवीन आलं की पहिल्याच रविवारी अंकलची पांढरी गाडी दारात उभी. सिल्व्हरटनची ओसाड वस्ती, मंडी मंडीचं मैदान, टेकडीवरची दगडी शिल्पं, मेनिंडीची तळी, सगळं तेच दाखवायचे. तुमच्याही ओळखीत असा माणूस असेल. त्याला नाही म्हणता येत नाही आणि त्याच्या थट्टेला हसावं लागतं.

त्यांची बायको, आमच्या आंटी, मागच्या सीटवर बसायच्या. पुढची सीट पाहुण्यांची. गुडघेदुखीमुळे त्या सगळ्यांच्या शेवटी पोचायच्या, म्हणून सर्वात जास्त वेळा मागे राहिल्या त्याच. गाडी परत आली की दाराशी उभ्या राहून विचारायच्या, "बसू का?"

"बस, बस. डिंगो कुत्र्यांनी पण घेतली नाही तुला."

गाडीत हशा. आंटीही हसायच्या.

त्यांना गाडी चालवता येत नव्हती. एकदा शिकायला बसल्या आणि गेटला घासली. "ते तुझं काम नाय," अंकल म्हणाले. विषय संपला. त्या गावात गाडी नसलेल्या माणसाचं जग कोपऱ्यावरच्या दुकानाशी संपतं.

त्या वर्षी त्यांची मुलगी मेलबर्नला, ग्लेन वेव्हर्लीत, बाळंत होणार होती. पहिलंच बाळंतपण. आंटींना जायचं होतं. फोन स्पीकरवर असायचा, त्यामुळे आम्ही सगळ्यांनी ऐकलं.

"डॅड, जस्ट पुट हर ऑन द बस."

"बाळंतपण हॉस्पिटल करतं, मम्मी नाय करत. आणि इथे माझ्या जेवणाचं काय?" फोन ठेवून ते आमच्याकडे वळले. "बरोबर की नाय?"

ब्लॅकटाउनहून इथल्या हॉस्पिटलात नोकरीला आलेला तरुण डॉक्टर आमच्यात बसलेला होता. "नो वरीज अंकल, तुमचंच खरं," तो म्हणाला. आंटी चहाचे कप उचलत होत्या. त्यांनी त्याचा अर्धा भरलेला कपही उचलला.

पुढच्या रविवारी मेनिंडी. पाण्यात उभी वाळलेली झाडं, त्यांवर पाणकावळे. आंटींनी वसईकडचे फुगे, मैद्याचे गोडसर गोळे, तळून आणले होते. शेजारी कॅराव्हॅन लावून बसलेल्या म्हाताऱ्या गोऱ्या जोडप्यालाही त्यांनी ते नेऊन दिले आणि बराच वेळ तिथेच बोलत राहिल्या. निघायच्या वेळी माझा हात धरून टॉयलेटकडे चालू लागल्या. खांद्यावर नेहमीची पर्स नव्हती, मोठी कापडी पिशवी होती.

पहिला हॉर्न वाजला. मी वळले.

"थांब गं," आंटी म्हणाल्या. "आज उशीर करू या."

दुसरा हॉर्न. गाडी निघाली. काचेतून डॉक्टर आम्हाला टाटा करत होता.

धूळ खाली बसायच्या आत आंटी कॅराव्हॅनकडे निघाल्या, गुडघ्याच्या मानाने भराभर. म्हातारीने दार उघडून धरलंच होतं. ती दोघं दक्षिणेला, मिलड्युराला चालली होती. तिथून मेलबर्नची बस मिळते.

"अंकलना काय सांगू?" मी विचारलं.

त्यांनी आधी पिशवी आत ठेवली. "फ्रीजमध्ये दोन दिवसांचं जेवण आहे म्हणून सांग."

अंकल परत आले. काच खाली झाली. "वाळवंट," त्यांनी सुरुवात केली आणि माझ्या मागे पाहिलं. मी सांगितलं. ते हसले. "जाणार कुठे? येईल." त्यांनी दोनदा हॉर्न वाजवला. थांबले. मग तिसऱ्यांदा हात हॉर्नवर ठेवला, तो काढलाच नाही. झाडांवरचे पाणकावळे उडाले. कॅराव्हॅनच्या मागे जायचं डॉक्टरने सुचवलं. अंकल म्हणाले, "मी कोणाच्या मागे जात नाय." अंधार पडेपर्यंत आम्ही तळ्याकाठीच होतो.

नातू झाला. आंटी फोन करायच्या, जेवणाची चौकशी करायच्या. परत कधी येणार, ते सांगायच्या नाहीत. रविवारच्या फेऱ्या चालू राहिल्या, पण हॉर्न बंद झाला. शेवटचा माणूस येईपर्यंत अंकल इंजिन बंद करून बसून राहायचे. गोष्ट गावभर झालेली होती. इतक्या लहान गावात अशी बातमी रेडिओवर द्यावी लागत नाही.

नंतरच्या एका रविवारी आम्ही तिघेच मंडी मंडीला गेलो. "अंकल, आज मी चालवतो," डॉक्टर म्हणाला. अंकलनी किल्ली दिली. तिथे पोचल्यावर ते उतरून मैदानाकडे तोंड करून उभे राहिले. डॉक्टरने दोनदा हॉर्न वाजवला. ते वळले तेव्हा चाकं फिरायला लागली होती.

"चेहरा बघ त्यांचा!" डॉक्टर म्हणाला. सिल्व्हरटनपर्यंत तो हसत होता.

आम्ही परतलो तेव्हा अंकल त्याच जागी होते, भर उन्हात. टोपी हातात. डॉक्टरने काच खाली केली. "वाळवंट कोणासाठी थांबत नाही, अंकल!"

पुढची सीट रिकामी होती. अंकलनी मागच्या दाराला हात लावला, पण दार ओढलं नाही.

"बसू का?" त्यांनी विचारलं.