साडूंचा लोखंडी पिझ्झा

जगातल्या कुठल्याही दुःखावर लोखंडाचा उपाय असतो, असं मनापासून मानणारे गृहस्थ मी एकच पाहिले, आणि ते नेमके माझे थोरले साडू निघाले. कळंबोलीच्या लोखंड बाजारात एका व्यापाऱ्याकडे त्यांची सगळी नोकरी झाली. त्यामुळे लाकूड, प्लास्टिक आणि माणसाचा शब्द या तिन्ही गोष्टींवर त्यांचा विश्वास नव्हता. मुलगी झाली तेव्हा त्यांनी लोखंडी अँगलचा पाळणा करून घेतला होता. तो हलवायला दोन माणसं लागत आणि झोका द्यायला तिसरं. घरातली चपलांची मांडणी अशी भक्कम, की तिच्यावर चपलांऐवजी ट्रक ठेवला तरी चालला असता. माझ्या बायकोने पहिल्यांदा त्यांना पुरणपोळी वाढली, तेव्हा त्यांनी ती बोटांत धरून पाहिली आणि म्हणाले, "जरा जाड गेजची झाली." ही ते अजून विसरलेली नाही.

बोलणं त्यांना जमत नसे. म्हणजे पत्र्याबद्दल ते तासभर बोलत, पण माणसाशी बोलायची वेळ आली की त्यांचा घसा बसे. मीनलच्या, म्हणजे त्यांच्या एकुलत्या एक मुलीच्या पाठवणीच्या वेळी सगळा हॉल रडत होता आणि हे जावयाला बाजूला घेऊन, दिलेल्या कपाटाच्या बिजागऱ्यांना तेल कधी घालायचं ते समजावत होते. पुढे ती रोज फोन करायची. हे विचारायचे, "कसं आहे?" ती म्हणायची, "छान आहे, बाबा." हे म्हणायचे, "बरं," आणि फोन ताईंकडे, म्हणजे माझ्या थोरल्या मेहुणीकडे, द्यायचे. अशी तीन वर्षं गेली. मग एका दुपारी दोन बॅगा घेऊन मीनल दारात उभी राहिली. चेहरा असा, की शेजारणीलाही काही विचारावं लागलं नाही. साडूंनी दार उघडलं, तिच्या हातातल्या बॅगा घेतल्या आणि विचारलं, "लिफ्ट बंद होती का?"

त्यानंतर ती खोलीतून बाहेरच येईना. ताईंनी थालीपीठं केली, अळूवड्या केल्या, ताटं तशीच परत यायची. एकदा ती आपणहून म्हणाली, पिझ्झा खावासा वाटतो. तो मागवला, पण हायवेवरच्या ट्रकांच्या गर्दीतून येईपर्यंत गार झाला होता. तिने एक घास घेतला आणि खोका मिटून टाकला.

"घरी करू," साडू म्हणाले.

हे वाक्य ज्यांनी ऐकलं त्यांना वाटलं, यांनाच काहीतरी झालंय. कारण पिझ्झा म्हणजे कावीळ झालेली भाकरी, हे त्यांचं मत आमच्या सगळ्या नातेवाइकांत प्रसिद्ध होतं. पण पुढच्या रविवारी आम्ही वाशीहून गेलो, तर ते लुंगीवर ताईंचा एप्रन बांधून मैदा तुडवत होते. केकसाठी घेतलेला ओव्हन माळ्यावरून खाली आला होता. जो पदार्थ निघाला त्याचं वर्णन करवत नाही. वरून कोळसा, खालून कणीक, मधे केचपचं तळं. मीनल बाहेर येऊन बसली होती, तेवढंच समाधान. तिने तुकडा चावला, गिळला आणि म्हणाली, "छान झालाय, बाबा."

साडूंनी एकदम हातातली सुरी खाली ठेवली. "छान म्हणायचं नाही," ते म्हणाले. आवाज चढला होता, पण राग तिच्यावर नव्हता. "या घरात आता तो शब्द नको. काय बिघडलंय ते सांग."

तिने तुकडा उलटा करून पाहिला. मग मीनल म्हणाली, "तळ कच्चा आहे."

"बरोबर," साडू म्हणाले, आणि दुसऱ्या दिवशी बाजारातून सहा एमएम जाडीची लोखंडी प्लेट कापून घेऊन आले.

ती प्लेट व्हिनेगरमध्ये बुडवून तिची काळी खपली काढली, घासली, तेल लावून भाजली. ओव्हनची जाळी तिच्या वजनाने वाकली, तेव्हा आत अँगल बसवले. तासभर तापवल्याशिवाय तिच्यावर काही टाकायचं नाही, असा नियम झाला. ताईंचा फ्रीज पिठाच्या डब्यांनी भरला, कारण पीठ दोन दिवस थंडीत मुरलं पाहिजे असं साडूंना कळलं होतं. "माझ्या कोथिंबिरीला जागा उरली नाही," ताई म्हणत, पण तक्रारीत दम नसे. त्यांना जेवणाच्या टेबलावर मुलगी दिसत होती. मीनल दर रविवारी निर्भीडपणे निकाल देई. मीठ कमी. चीजला पाणी सुटलंय. सॉस गोड लागतोय. कडा कडक, दात पडतील. साडू मान डोलवत ऐकत, आणि पुढच्या वेळी चीज फडक्यात दाबून, टोमॅटो आटवून, पीठ सैल भिजवून पुन्हा उभे राहत.

असाच एक पिझ्झा मधे ठेवलेला असताना मीनल कड मोडता मोडता म्हणाली, "हा गरम आहे पण. तिकडे सगळ्यांचं झाल्यावर बसायचं असायचं. तोवर सगळं गार. गरम करून घेतलं तर गॅसवरून बोलणी." आणि मग ती थांबलीच नाही. ते सगळं इथे लिहिण्यासारखं नाही. ताई पदराने डोळे पुसत होत्या. साडू उठले, "पुढचा टाकतो," म्हणाले आणि स्वयंपाकघरात गेले. मी मागोमाग गेलो. ते ओव्हनसमोर पाठमोरे उभे होते. ओट्यावरचा पिठाचा गोळा तसाच होता. "मी रोज विचारत होतो हो," ते म्हणाले. मी बाहेर बसलेल्यांसाठी ताटल्या काढत राहिलो.

वर्षभरात कोर्टाचं उरकलं. मीनलला नागपूरला नोकरी लागली आणि ती गेली. जाताना हसत होती, आणि ते हसू खरं वाटत होतं.

पुढच्या रविवारी आम्ही सहज गेलो, तर पीठ आधीच मुरलेलं. "सवयीने भिजवलं गेलं," साडू म्हणाले. आणि त्या दिवशी तो जमला. कडा फुगलेल्या, तळाला तपकिरी ठिपके, दातांखाली कुर्र वाजून मग मऊ. आम्ही चौघं खात होतो. ताईंनी फोटो काढायला मोबाईल उचलला, तर साडूंनी त्याच्यावर हात ठेवला.

"पाठवू नकोस."

"अहो, आनंद होईल तिला."

"होईल. मग वाटेल, आईबाबा एकटे आहेत, यावं परत. रुळू दे तिला तिथे."

तेवढ्यात फोन वाजला. मीनलच होती. नेहमी ताईंकडे फोन देणाऱ्या साडूंनी तो स्वतः घेतला आणि गॅलरीत गेले. दार उघडंच होतं.

"आम्ही ना? वरणभात," ते म्हणाले. "तुझं सांग. जेवलीस का? गरम होतं का?"

मग ते बराच वेळ ऐकत उभे राहिले. टेबलावरचा त्यांचा तुकडा गार होत होता. ताईंनी त्याच्यावर ताटली झाकली.