मी जुळवलेलं भाऊपण

माणसाचं कुटुंब कसं घडत गेलं हे मी पुसदच्या कॉलेजात इतकी वर्षं शिकवलं, की माझ्या तासाला झोपी गेलेली पोरं लग्न करून, बाप होऊनच उठली. फळ्यावर मी शिडी काढायचो. तळाशी टोळी. तिच्यावर आईचं घर, जिथं मूल आईच्या नावानं ओळखलं जाई. मग गुरंढोरं आली, मालमत्ता आली, आणि सगळ्यात वर मिशीला पीळ देत बाप येऊन बसला. ही शिडी विद्वानांनी केव्हाच मोडीत काढली आहे, हे मला ठाऊक होतं. पण फळ्यावर ती झकास दिसायची, आणि झकास गोष्टीपुढे खऱ्याची किंमत मी कधी ठेवली नाही.

आमचे पूर्वज बैलांच्या पाठीवर मीठ लादून मुलूखभर हिंडणारे. या लदेणीच्या गोष्टी मी अशा रंगवायचो, की पणजोबांचा पहिला बैल पुसदला पाणी प्यायचा तेव्हा शेवटचा हैदराबादेत रवंथ करीत बसलेला असे. तांड्यात सगळे हसत आणि सोडून देत. त्या दिवशी समोर नुसता आमचा तांडा नव्हता, पाहुणेही होते. तिथंच माझी मती गेली.

दादाच्या, म्हणजे माझ्या थोरल्या भावाच्या मुलीची सोयरीक होती. पोरगी नर्स, मुलगा लोहाऱ्याला एमआयडीसीत कामाला. दोघांनी एकमेकांना आधीच पसंत केलेलं. आमच्यात पसंतीच्या आधी गोत विचारतात. एका गोतात लग्न नाही, आणि दोन गोतांनी पूर्वी कधी भाऊपण मानलेलं असेल तर तिथंही नाही. ते सगळं नीट तपासून झालं होतं. उरला होता फक्त गूळ. तांड्याच्या नायकासमोर दोन्हीकडच्यांनी गूळ खाल्ला की सोयरीक पक्की. दादा शेतकरी माणूस, दिवसाला चार शब्द बोलणारा. पण त्या सकाळी भेटेल त्याला सांगत होता, "माह्या पोरीले म्याच माह्या हातानं देईन, पाहा तुमी."

पाहुणे मात्र गप्प बसलेले. मुलाचे आजोबा तर चेहऱ्यावर ऊन आलं तरी हलेनात. मला शांतता सोसत नाही. मी म्हणालो, "बाबा, आपली ओळख आजची थोडीच हाये!" आणि सुरू झालो. दुष्काळ होता, दोन्ही तांडे एका घाटात अडकले होते. तुमच्या आज्याची आई, म्हणजे त्याची याडी, बाळंतपणात गेली. आमच्या पणजीनं एका बाजूला आपलं लेकरू घेतलं, दुसऱ्या बाजूला तुमचा आजा. वर झाडावर वाघ. वाघसुद्धा ते पाहून खाली उतरला आणि मान घालून निघून गेला.

वाघ जरा जास्त झाला, असं मलाही वाटलं. पण आजोबांचे डोळे भरून आले. ते उठले, मला कवटाळलं. "म्हंजे आपण एका याडीच्या दुधाचे! भाऊ हो आपण!" मंडपात टाळ्या पडल्या. मी फुगलो. मग ते डोळे पुसत खाली बसले आणि अगदी मायेनं म्हणाले, "मंग भाऊ, पोट्टी कशी घ्याची तुमची? ते तं आमचीच लेक झाली."

गुळाचं ताट घेऊन वहिनी उंबऱ्यातच थांबली.

"बाबा, म्या फेकलं," मी म्हणालो. "देवाशपथ फेकलं."

ते हसले. "असी गोष्ट कोनी फेकते का? काहून, आमी भाऊ म्हनून आवडलो नाही तुमाले?"

त्यांच्या शेजारचा म्हातारा मान डोलावत म्हणाला, "माहा बाप बी सांगे, आपल्या आज्याले दुसऱ्या तांड्यातल्या याडीनं पाजलं म्हनून." घटकाभरापूर्वी मी जन्माला घातलेल्या पणजीला साक्षीदार मिळाला होता. नाती रक्तानं कमी आणि सांगण्यानं जास्त बनतात, असं वर्गात मोठ्या रुबाबात शिकवलं होतं. ते डोळ्यांसमोर बनताना पाहिलं तेव्हा जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं. मी जितकं नाही म्हणे, तितका मी भाऊपण झटकणारा नीच ठरू लागलो. मी थापाड्या आहे असं पाहुण्यांसमोर आमच्यातलं कोण सांगणार?

पुतणी आतून आली, माझ्या कानाशी वाकली. "काका, एक दिवस चूप बसले असते तं तोंडाले बुरशी आली असती का?"

 

वाट काढली वहिनीनं. ताट खाली ठेवून ती नायकाला म्हणाली, "माह्या भावाचं गोत तं या भाऊपणात येत नाही ना? मंग पोरगी त्याच्या ओटीत घाला. तो देईल."

म्हाताऱ्यांनी एकमेकांकडे पाहिलं. चालतं, म्हणाले. पोरगी मामाच्या मांडीवर बसली, मामाच्या गोताची झाली, आणि गूळ वाटला गेला. माझ्या फळ्यावर बाप चढायला हजारो वर्षं लागत. त्याला खाली उतरवून पोर आईच्या घरी पाठवायला मला एक दुपार पुरली. दादानं गूळ तोंडात घातला, पण त्याला तो चावताना मी पाहिलं नाही.

लग्न वहिनीच्या माहेरी झालं. मुलीचा हात मामानं दिला. दादा तिथं कुणीच नव्हता. बाप म्हणून उभा राहिला असता तर ओटीत घातल्याला अर्थ राहिला नसता, म्हणून तो पंगतीत पाण्याचा जग घेऊन फिरत होता. मी त्याच्या हातातून जग घ्यायला गेलो. त्यानं दिला नाही.

तेवढ्यात आजोबांनी हाक मारली. "भाऊ! या इकडं, बसा." शेजारच्या पाहुण्यांना म्हणाले, "हे आमचे दूधभाऊ. सांगा ना यायले, घाटातली गोष्ट."

मी दादाकडे पाहिलं. तो आमच्याच पंगतीत पाणी ओतत आला होता.

"सांग ना," तो म्हणाला. "आता कायले थांबतं?"

मी सांगितली. वाघासकट, जशीच्या तशी. एक शब्द इकडचा तिकडे होऊ दिला नाही. दादानं माझा पेला भरला आणि तो पुढच्या माणसाकडे गेला.